पहिले अकरा कसे ठरतात? हिब्सच्या पुरुष आणि महिला संघांची यादी वाचताना

शनिवारी दुपारी तीनचा सामना असला की साधारण तासभर आधी स्कॉटलंडच्या हिबर्नियन, म्हणजे हिब्स, या फुटबॉल क्लबच्या पहिल्या अकरा जणांची यादी बाहेर येते. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. यादी आली की पाच मिनिटांत चाहत्यांचे दोन तट पडतात. अमका बाहेर का बसला, आणि तमका अजून आत कसा? वाद बहुतेक वेळा ‘दोघांत चांगला कोण’ यावरच फिरत राहतो. प्रशिक्षकापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. आज, या प्रतिस्पर्ध्यासमोर, या मैदानावर, बाकावर बसलेल्यांसकट ९५ मिनिटं कशी भरून काढायची, हे त्याला ठरवायचं असतं. या प्रश्नातून पाहिलं की विचित्र वाटणाऱ्या निम्म्याअधिक निवडींचा उलगडा होतो. महिला संघाच्या बाबतीत तर याच नजरेने पाहावं लागतं, कारण तिथे हाताशी माणसं कमी आणि अडचणी वेगळ्या असतात.

उदाहरणासाठी हिब्सच घेऊ. एडिनबरोच्या काउगेट भागातल्या आयरिश वस्तीतून १८७५ साली उभा राहिलेला हा क्लब. घरचं मैदान लीथजवळचं ईस्टर रोड, जर्सी हिरवी आणि बाह्या पांढऱ्या. २०२४-२५ च्या हंगामात पुरुष संघ तळातून उठून तिसरा आला आणि महिला संघाने लीग जिंकली. एकाच वर्षात दोन्ही संघांकडून शिकण्यासारखं इतकं मिळण्याचा योग क्वचित येतो.

आधी आकडे

स्कॉटिश प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या सर्वोच्च लीगमध्ये, सामन्यासाठी २० जणांची नावं देता येतात: ११ मैदानात, ९ बाकावर. त्या नऊपैकी पाच जण उतरवता येतात, पण त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो. मध्यंतरात केलेला बदल या तीनांत धरला जात नाही. अनेक चाहते नेमकी ही अट विसरतात आणि मग ‘दमलेला दिसतोय, तरी काढत का नाही?’ म्हणून वैतागतात.

एक साधा प्रसंग पाहा. विसाव्या मिनिटाला एकाची मांडी भरून आली, बदल झाला. पस्तिसाव्याला दुसऱ्याचा घोटा मुरगळला, पुन्हा बदल. आता प्रशिक्षकाकडे तीन खेळाडू शिल्लक आहेत, पण खेळ थांबवण्याची संधी एकच. मध्यंतरात त्याने घाई केली नाही, तर उरलेले तिघे त्याला एकदमच उतरवावे लागतात. ते साठाव्या मिनिटाला उतरवले आणि सत्तराव्याला आणखी कुणी जखमी झालं, तर उरलेली वीस मिनिटं दहा जणांनी खेळायची. म्हणून तो थांबतो. साठ ते पंचाहत्तर मिनिटांच्या मधला तो अवघडलेला काळ म्हणजे प्रशिक्षकाची झोप लागली आहे असा नाही. तो हातचा राखून खेळत असतो.

बाकावरचे नऊ जण कोण, यावरूनही पहिले अकरा ठरतात. एक गोलरक्षक धरला की आठ जागा उरतात. त्यात डाव्या बाजूला खेळू शकणारा एकच माणूस असेल आणि तो नुकताच दुखापतीतून परतला असेल, तर डावीकडून सुरुवात करणाऱ्याकडून पूर्ण ९० मिनिटांची खात्री हवी. अशा दिवशी थोडा कमी चमकदार पण दमसास टिकवणारा खेळाडू आत येतो, आणि चाहत्यांना ती भित्री निवड वाटते.

२०२४-२५: एक मांडणी बदलली आणि सगळंच फिरलं

डेव्हिड ग्रे हे नाव हिब्सच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१६ च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यात कर्णधार ग्रेने भरपाई वेळेत हेडर मारला, ग्लासगोच्या रेंजर्सवर ३-२ असा विजय मिळाला आणि १९०२ पासूनची ११४ वर्षांची प्रतीक्षा संपली. २०२४ च्या उन्हाळ्यात तोच मुख्य प्रशिक्षक झाला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी संघ गुणतालिकेत तळाला होता. ॲबर्डीनविरुद्ध भरपाई वेळेत रॉकी बुशिरीने बरोबरी साधून ३-३ केलं, त्याच आठवड्यांत ग्रेने चार बचावपटूंची मांडणी सोडून ३-५-२ धरली. डिसेंबरच्या मध्यापासून पुढे संघ सलग १७ लीग सामन्यांत हरला नाही. फेब्रुवारीत सेल्टिकलाही २-१ हरवलं.

३-५-२ म्हणजे मागे तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू), दोन्ही कडांना एकेक विंगबॅक (कडेने बचावही करणारा आणि आक्रमणातही जाणारा), मध्ये तिघे, पुढे दोन स्ट्रायकर. आकडे बदलले एवढंच वरवर दिसतं. खरा फरक असा की या मांडणीत काही खेळाडूंना जागाच उरत नाही आणि काहींची किंमत एका रात्रीत वाढते.

कडेला चिकटून खेळणाऱ्या अस्सल विंगरला इथे थारा नाही. त्याला विंगबॅक केलं तर बचाव करावा लागतो, पुढे नेलं तर पाठीवर सेंटरबॅक घेऊन चेंडू धरावा लागतो. ही दोन्ही कामं त्याच्या सवयीची नसतात. मार्टिन बॉईल कडेवरून धावणारा म्हणून ओळखला जायचा, पण त्याचा वेग बचावफळीच्या मागे पळण्यासाठी मधूनही वापरता येत होता. म्हणून तो आघाडीच्या जोडीत बसला आणि गोल करू लागला. ज्यांना असं सरकता येत नाही ते बाकावर जातात. त्यांचा खेळ घसरलेला असतोच असं नाही, त्यांची जागाच मोडलेली असते.

मागच्या तिघांत वॉरन ओहोरा उजवीकडे, बुशिरी मध्ये आणि जॅक आयर्डेल डावीकडे. आयर्डेल डावखुरा आहे, आणि ही बारीकशी वाटणारी गोष्ट निवडीत फार जड ठरते. डाव्या बाजूच्या सेंटरबॅककडे चेंडू येतो तेव्हा उजव्या पायाचा खेळाडू शरीर आत वळवून चेंडू घेतो. त्याचा पुढचा पास आपोआप मैदानाच्या मध्याकडे जातो, आणि प्रतिस्पर्धी तिथेच दबा धरून असतो. डावखुऱ्याच्या पायाबाहेर रेषेकडचा रस्ता मोकळा राहतो, म्हणून तो विंगबॅकला सरळ पुढे चेंडू देऊ शकतो. एका पावलाचा फरक, पण दाबाखाली त्याच पावलावर चेंडू टिकतो किंवा जातो.

सगळ्यात जास्त घाम विंगबॅकचा गळतो. हिब्सकडे या जागांवर क्रिस आणि निकी ही कॅडन जुळी भावंडं आणि जॉर्डन ओबिटा असे पर्याय होते. आक्रमणात विंगबॅक प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी पेटीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेला असतो. तिथे चेंडू गेला की त्याला साठ-सत्तर मीटर मागे पळायचं असतं, आणि तेही पाठमोरं नाही, तर तोंड चेंडूकडे ठेवून तिरकं. दर दहा मिनिटांत दोन-तीनदा हे करा, म्हणजे सत्तराव्या मिनिटाला पाय जड का होतात ते कळेल. त्यामुळे ३-५-२ खेळवणाऱ्या प्रशिक्षकाच्या पाच बदलांपैकी एक तरी बदल बहुधा इथेच होतो. बाकावर विंगबॅक नसेल, तर ती निवड खरंच फसलेली आहे. अशा वेळी चाहत्यांनी जरूर ओरडावं.

ही मांडणी बिघडते तेव्हा कशी बिघडते, तेही ओळखता यायला हवं. प्रतिस्पर्धी लांब तिरका चेंडू विंगबॅकच्या डोक्यावरून टाकू लागला की दोन्ही विंगबॅक घाबरून मागे बसतात. मागे तिघांचे पाच होतात, मध्ये तिघे उघडे पडतात आणि पुढच्या दोघांपर्यंत चेंडूच पोचत नाही. टीव्हीवर ‘स्ट्रायकर आज दिसलाच नाही’ असं वाटतं, पण दुखणं त्याच्यापासून चाळीस मीटर मागे असतं. नेक्टर ट्रायंटिससारख्या मुळात बचावपटू असलेल्या माणसाला मध्यफळीत उभं करण्यामागे हेच कारण. दुसरा चेंडू, म्हणजे हवेत झुंज झाल्यावर खाली पडणारा चेंडू, उचलायला तिथे अंगापिंडाने भक्कम कुणीतरी लागतं.

गोलरक्षकही त्याच काळात बदलला. जोसेफ बर्सिकच्या जागी जॉर्डन स्मिथ आला. गोलरक्षक बदलणं हा प्रशिक्षकाचा सर्वात अवघड निर्णय, कारण इतर जागांवर माणूस वीस मिनिटांसाठी उतरवून चाचपता येतो, इथे तशी सोय नाही.

वेळापत्रक

प्रीमियरशिपमध्ये १२ संघ. ३३ सामने झाले की वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होतात, आणि प्रत्येक गट आपापसांत आणखी पाच सामने खेळतो. एकूण ३८. त्यामुळे मार्चमध्ये सहाव्या-सातव्या क्रमांकावर असलेल्या संघाचा प्रशिक्षक कुणाला विश्रांती देऊ शकत नाही. पहिल्या तिघांत पक्का बसलेला संघ देऊ शकतो. एकाच आठवड्यातल्या दोन क्लबांच्या निवडींची तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

तिसऱ्या क्रमांकामुळे हिब्सला २०२५ च्या उन्हाळ्यात युरोपियन स्पर्धांत खेळायला मिळालं. जुलैच्या शेवटच्या दोन आणि ऑगस्टच्या चारही गुरुवारी सामने: आधी डेन्मार्कचा मिट्युलान, मग बेलग्रेडचा पार्टिझान, मग वॉर्सॉचा लेगिया. तिन्ही लढतींचा दुसरा सामना जादा वेळेत गेला. तीनदा तीस मिनिटं, म्हणजे लीग नुकती सुरू होत असतानाच अख्खा एक सामना जास्तीचा पायांवर चढला. जादा वेळेत सहावा बदल करता येतो, पण गुरुवारी १२० मिनिटं आणि रविवारी लीग हे गणित त्याने सुटत नाही. अशा रविवारी पाच-सहा नवी नावं दिसली की ‘लीगला कमी लेखतात’ अशी ओरड होते. प्रत्यक्षात तिथे मांडीचा मागचा स्नायू वाचवण्याची धडपड चाललेली असते.

युएफाच्या, म्हणजे युरोपियन फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांत आणखी एक बेडी असते. मुख्य यादी २५ जणांची, त्यातल्या आठ जागा स्थानिक घडणीच्या खेळाडूंसाठी राखीव. त्यातही किमान चार जण खुद्द त्याच क्लबमध्ये घडलेले हवेत, म्हणजे १५ ते २१ या वयात निदान तीन हंगाम तिथे काढलेले. असे खेळाडू नसतील तर ती जागा रिकामी राहते, दुसऱ्याला देता येत नाही. अकादमीतला एखादा पोरगा यादीत अचानक दिसतो त्याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

सराव करतानाही हात बांधलेले असतात. स्कॉटिश एफएने (तिथल्या फुटबॉल असोसिएशनने) २०२२ पासून व्यावसायिक क्लबांना सांगितलं आहे की सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी डोक्याने चेंडू मारण्याचा सराव नको, आणि तसं सत्र आठवड्यात एकच असावं. पुरुष आणि महिला दोघांनाही हे लागू. म्हणजे शनिवारच्या सामन्यासाठी शुक्रवारी कॉर्नरचा पुरा सराव होत नाही, जागा चालत दाखवाव्या लागतात. कॉर्नरवर एकमेकांची सवय असलेले तिघे-चौघे म्हणूनच सहसा हलवले जात नाहीत. खेळाडूंच्या मेंदूच्या काळजीसाठी घातलेली ही बंधनं अगदी योग्य आहेत, आणि निवडीवर त्यांचा परिणाम होतो हेही तितकंच खरं.

महिला संघ: खेळ तोच, हाताशी माणसं कमी

मैदान तेवढंच, गोलचौकट ७.३२ बाय २.४४ मीटरचीच, चेंडू पाच नंबरचा, वेळ ९० मिनिटं. मग निवड वेगळी का वाचायची? इतिहासापासून सुरुवात करावी लागते. स्कॉटलंडमध्ये फुटबॉल असोसिएशनच्या क्लबांची मैदानं महिलांना १९७४ पर्यंत बंद होती. १९७१ मध्ये युएफातल्या मतदानात महिला फुटबॉलला मान्यता देण्याच्या विरोधात हात वर करणारा स्कॉटलंड एकटा देश. १९७२ मध्ये ग्रीनॉकला इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळून २-३ हरलेल्या त्या मुलींना असोसिएशनने देशाकडून खेळल्याच्या मानाच्या टोप्या दिल्या त्या २०१९ मध्ये. पुरुष संघामागे दीडशे वर्षांचा क्लब, अकादमी, वैद्यकीय विभाग आणि पैसा उभा आहे. महिला संघाला हे सगळं एका पिढीत उभारावं लागतंय, आणि त्याची झळ दर रविवारी बाकावर दिसते.

लीग मात्र कमालीची चुरशीची झाली आहे. ग्लासगो सिटी हा पुरुष संघाशिवायचा स्वतंत्र क्लब. त्यांनी ओळीने १४ विजेतेपदं मिळवली. मग २०२१-२२ मध्ये रेंजर्स, २०२२-२३ मध्ये पुन्हा सिटी, २०२३-२४ मध्ये सेल्टिक आणि २०२४-२५ मध्ये हिब्स, असे चार वर्षांत चार विजेते. हिब्सने शेवटच्या दिवशी रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर १-० हरवलं. २००७ नंतरचं त्यांचं हे पहिलंच लीग विजेतेपद. त्या हंगामात १२ संघ होते. २२ सामन्यांनंतर वरचे सहा वेगळे झाले, पण पुरुषांसारखे पाच सामने खेळून सुटले नाहीत. घरी आणि बाहेर मिळून आणखी दहा, एकूण ३२. म्हणजे हंगामाचा शेवटचा जवळपास तिसरा हिस्सा फक्त सर्वांत तगड्या पाच संघांशीच. अशा वेळी पंधरा-सोळा दमदार खेळाडू असलेल्या संघाला तीन दुखापतीसुद्धा पेलत नाहीत.

दुखापतींत गुडघ्यातल्या एसीएलची (हाडं बांधून ठेवणाऱ्या एका लिगामेंटची) दुखापत सर्वांत वाईट. हे लिगामेंट बहुतेकदा धक्का न लागताच तुटतं. वेगात पळताना अचानक थांबणं, एका पायावर उतरणं, पाऊल रोवलेलं असताना शरीर वळणं. त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूला कलतो आणि लिगामेंट जातं. महिला खेळाडूंना हा धोका पुरुषांच्या कितीतरी पट असतो. मैदानात परतायला नऊ ते बारा महिने. बचावाचा उपाय साधा आहे. फिफाने तयार केलेला ‘११ प्लस’ हा साधारण वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून निदान दोनदा करायचा. त्यात धावणं, पाय आणि पोट-पाठीची ताकद, तोल, उडी मारून गुडघा सरळ ठेवत उतरणं, असं सगळं येतं. गाडं अडतं ते वेळेवर. काही क्लबांत खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सरावाला येतात. दीड तासातली वीस मिनिटं कापायची म्हटलं की हाच भाग आधी कापला जातो. तो कापू नये.

मैदानाचाही संबंध आहे. हिब्सचा महिला संघ ईस्टर रोडपासून पायी जाण्याइतक्या अंतरावरच्या मेडोबँकवर खेळतो, ग्लासगो सिटी पीटर्सहिल पार्कवर. दोन्हीकडे कृत्रिम गवत. पुरुषांच्या प्रीमियरशिपने २०२६-२७ पासून कृत्रिम मैदानं बंद करायचं ठरवलं, महिलांच्या वाट्याला ती अजून येतातच. नैसर्गिक गवतासाठीचे पात्यासारखे स्टड (बुटाच्या तळाची टोकं) कृत्रिम गवतात रुततात. पाऊल अडकतं आणि वळण्याचा सगळा भार गुडघ्यावर येतो. कृत्रिम गवतासाठी आखूड, गोल आणि संख्येने जास्त स्टड असलेला तळवा हवा. त्यात बूट बरीच वर्षं पुरुषांच्या पायाच्या साच्यावरच बेतले गेले. बाईच्या पायाची टाच तुलनेने अरुंद, म्हणून बुटात पाय मागे हलतो. नुकतीच बरी झालेली खेळाडू कृत्रिम मैदानावर बाकावर आणि पुढच्या आठवड्यात गवतावर पहिल्यापासून दिसली, तर तो प्रशिक्षकाचा लहरीपणा समजू नका.

मातृत्व हाही निवडीचा भाग आहे आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. फिफाच्या २०२१ पासूनच्या नियमांनुसार किमान १४ आठवड्यांची रजा आणि त्या काळात वेतनाचा निदान दोन तृतीयांश भाग द्यावा लागतो. रजेवरच्या खेळाडूच्या जागी क्लबला नोंदणीची मुदत संपल्यावरही तात्पुरती खेळाडू घेता येते. अध्येमध्येच नवं नाव दिसलं तर हे कारण असू शकतं. हिब्सची रेचल बॉईल आई झाल्यावर पुन्हा त्याच जर्सीत उतरली. वर आलेला मार्टिन बॉईल तिचा नवरा.

स्कॉटलंडच्या वेळापत्रकाने एका भारतीय खेळाडूचीही वाट अडवली होती. मणिपूरच्या बालादेवीने २९ जानेवारी २०२० रोजी रेंजर्सशी १८ महिन्यांचा करार केला, १० नंबरची जर्सी घेतली. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. तोवर तिथला महिला हंगाम उन्हाळ्यात चालायचा. करोनामुळे तो रद्द झाला आणि ऑक्टोबरमध्ये हिवाळी हंगाम सुरू झाला. पहिला गोल आला डिसेंबरात. इकडे ‘तिला खेळवत का नाहीत’ असं विचारलं जात होतं, तेव्हा बरेच महिने तिकडे लीगच बंद होती.

तेव्हा रविवारी महिला संघाची यादी आली की आधी बाकावरची नावं मोजा, मग त्यात बचावपटू किती ते पाहा, आणि सामना कुठल्या मैदानावर आहे ते तपासा. नऊ-दहा महिन्यांनी परतणारी खेळाडू असेल तर तिची मिनिटं आठवडाभर आधीच फिजिओबरोबर ठरलेली असतात: आधी पंधरा, मग तीस, मग साठ, आणि दोन सामन्यांत गुडघ्याला सूज आली तर पुन्हा पंधरा. संघ ०-१ ने मागे असतानाही ती पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत रेषेबाहेर उड्या मारत गरम होताना दिसेल, आणि बदलाचा फलक वर जाईल तो ठरलेल्या मिनिटालाच.